टीएमसीचा हिशेब रोज लागतो, दगडांचा कधी लागणार?

उजनी वजा झाली की आपल्याकडं दोन गोष्टी ठरलेल्या. पुणे आणि सोलापूर पाण्यावरून एकमेकांना शिव्या घालायला लागतात, आणि पळसदेवला ड्रोन उडायला लागतात. पाणी ओसरलं, पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं, पर्यटकांची गर्दी. ही बातमी आमच्या धंद्यात साच्यातून काढल्यासारखी निघते. तारीख बदलायची, टक्केवारी बदलायची, फोटो नवा लावायचा. मग मृग बरसतो, पुण्याकडची धरणं सोडतात, भीमा फुगते, देऊळ परत पाण्याखाली जातं आणि बातमीही जाते.

२०२४ चा उन्हाळा आठवा. जानेवारीतच धरण वजात गेलं होतं आणि जूनच्या तोंडावर वजा साठच्या घरात पोचलं होतं. तेव्हा किती लोक पळसदेवला जाऊन आले! रील झाले, लग्नाआधीचे फोटोशूट झाले, कुणी दगडावर चढून झेंडा फडकवला. मला एकच विचारायचंय. तेवढ्या सहा महिन्यांत त्या देवळाचा एकेक दगड मोजून, नकाशा काढून, आवारातल्या वीरगळांना नंबर देऊन कुणी कागद केला का? तो कागद तहसीलमध्ये, ग्रामपंचायतीत, कुठंतरी तुम्हा-आम्हाला बघायला मिळतो का? गावच्या माणसाला विचारा, ग्रामसेवकाला विचारा, उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

उजनीच्या पाण्याचा हिशेब आपल्याकडं कसा लागतो बघा. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६३ च्या आसपास मृत साठा, उरलेला जिवंत. रोज सकाळी आकडा मोबाईलवर येतो, दशांशासकट. उसाचं टनेज आणि साखरेचा उतारा पॉइंटमध्ये. भिगवणला येणाऱ्या फ्लेमिंगोंचीसुद्धा गणती होते, आणि व्हायलाच पाहिजे. पण इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत मिळून किती वीरगळ आहेत, किती सतीशिळा, किती बारवा, मोटेच्या किती दगडी विहिरी, याचा आकडा मागितला तर सगळे आभाळाकडं बघतात.

आता कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, जुने दगड ते, त्यात काय एवढं?

पळसदेवचा एक शिलालेख आहे, शके १०७९ चा. म्हणजे इसवी सन ११५७. मराठीतल्या जुन्या कोरीव लेखांत अभ्यासक तो धरतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. हिशेब करा, ज्ञानेश्वरीच्या १३३ वर्षं आधी आपल्या इंदापूर तालुक्यातल्या या गावात कुणीतरी दगडावर मराठी कोरून ठेवत होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्याकडं पेढे वाटले, फ्लेक्स लागले. त्या फ्लेक्सवर पळसदेवचं नाव मी तरी कुठं वाचलं नाही. ज्या गावाचा हा लेख, ते गाव धरणात गेलं आणि आपल्या डोक्यातूनही गेलं.

धरणाच्या विरोधात मी बोलत नाहीये, हे आधीच सांगतो. नाहीतर कमेंटमध्ये ‘तुमच्या घरी नळाला कुठलं पाणी येतं’ सुरू होईल. उजनीनं या भागाला दिलंय ते दिलंयच. ज्यांनी गावं सोडली त्यांच्यापुढं तेव्हा जमीन कुठं मिळणार, घर कधी उभं राहणार, पोरांची शाळा कुठं, हे प्रश्न होते. त्या लोकांनी देव उचलून नव्या गावात आणला हेच खूप झालं. दगड मोजायचं काम त्यांचं नव्हतंच. ते सरकारचं होतं.

आणि सरकारला हे सुचणं अशक्य होतं असंही नाही. आंध्रात नागार्जुनसागर बांधायचं ठरलं तेव्हा नागार्जुनकोंड्याचं खोरं बुडणार होतं. १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं तिथं पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं. निवडक वास्तू उचलून वर टेकडीवर नेऊन पुन्हा उभ्या केल्या, वस्तूंसाठी संग्रहालय बांधलं. पाणी चढल्यावर त्या टेकडीचं बेट झालं, आज लोक बोटीनं बघायला जातात. हे सगळं उजनीच्या आधीचं, आपल्याच देशातलं, आपल्याच सरकारी खात्यानं केलेलं. १९६४ ते १९६८ मध्ये इजिप्तमध्ये अबू सिंबेलची अख्खी देवळं कापून वर सरकवली ती गोष्ट शाळेत शिकवतात, नागार्जुनकोंडा मात्र कुणी सांगत नाही. उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं. नमुना समोर होता, वेळही होता.

बरं, झालं ते झालं. आता काय होतंय ते बघू.

देऊळ कायम पाण्यात राहिलं असतं तर एक वेळ बरं होतं. सगळ्यात वाईट असतं ते दरवर्षीचं बुडणं आणि वर येणं. खालचं काम काळ्या पाषाणाचं, दगडावर दगड बसवलेलं. ते तग धरतं. पण शिखर विटांचं आणि चुन्याचं. वीट पाणी पिते, उन्हात तापते, परत पिते. सांध्यातला चुना धुऊन जातो, वीट भुगा होऊन गळते, फटीत रोप उगवतं आणि त्याचं मूळ उरलेलं काम पूर्ण करतं. आवारात गाळ साठतो, त्यात वीरगळ कमरेपर्यंत गाडले जातात. पाणी ओसरल्यावर गाळात गाडी घालून माणसं थेट देवळापर्यंत जातात. चाकाखाली काय आलं, कोण बघतंय?

शिवाय वाळूचा धंदा. उजनीच्या पोटात वाळू उपशाच्या बोटी चालतात, महसूलवाले त्या जिलेटिन लावून उडवतात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या येतात. हे आपल्याला रोजचं झालंय. गाळ काढायला, माती भरायला जेसीबी पात्रात उतरतो तोही नेमका पाणी कमी असतानाच. ज्या दिवसांत जुनी गावठाणं, जुने घाट, जुन्या विहिरी उघड्या असतात, त्याच दिवसांत तिथं सगळी यंत्रं असतात. माझा गाळ काढायला विरोध नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ चांगलीच योजना. पण ज्या पट्ट्यात जुनं गावठाण बुडालंय तिथं बकेट लावायच्या आधी एक माणूस पाठवून बघून यायला किती डिझेल लागतं?

जरा लांबचं उदाहरण देतो, कारण ते आपल्याला चपखल बसतं. प्रशांत महासागरात हवाई नावाची बेटं आहेत, आज अमेरिकेचं राज्य. तिथल्या मूळ लोकांची देवळं म्हणजे चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगड रचून केलेले चौथरे आणि भिंती. त्याला ते हेइआउ म्हणतात. मासेमारांची देवस्थानं वेगळी, शेतीच्या देवांची वेगळी. आपल्या म्हसोबाची, शेताच्या बांधावरच्या आसरांची आठवण व्हावी असं प्रकरण. आणि त्या देवळांच्या बाजूला जुन्या शेतीचे दगडी बांध. कोहाला म्हणून भाग आहे, तिथं सुमारे ६० चौरस किलोमीटरवर ही बांधांची जाळी पसरलेली आहे. रताळी पिकवायची शेती ती, कोरडवाहू.

एकोणिसाव्या शतकात तिथं काय आलं? ऊस. मळेवाल्यांनी उसासाठी जमीन सपाट केली, कित्येक हेइआउंचे दगड उखडले, कुठं बांधात घातले, कुठं रस्त्यात. उसानं देवळं खाल्ली म्हणा ना. त्या बेटांवरचा शेवटचा मोठा साखर कारखाना २०१६ मध्ये बंद पडला. ऊस गेला, दगड काही परत आले नाहीत. जे वाचलं त्याला मात्र आता तिथं किंमत आहे. कामेहामेहा राजानं १७९०-९१ मध्ये बांधलेलं पुउकोहोला हे देऊळ १९७२ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. आणि नुसती देवळंच नाही, तो कोहालाचा शेताचा बांधसुद्धा तिथले अभ्यासक फूटपट्टी घेऊन मोजतात. सरकारी परवानगी लागणाऱ्या बांधकामाआधी जागेवर जुनं काही आहे का हे बघायचं, असा राज्याचा कायदा आहे. तिथं सगळं आलबेल आहे असं नाही, भांडणं कोर्टात जातात. पण भांडायला कागद तर आहे.

आपल्याकडं ऊस अजून जोरात आहे. म्हणूनच आपल्याला वेळ आहे, आणि म्हणूनच धोकाही आहे.

१८८५ ला नीरा डावा कालवा सुरू झाला. त्याच्या आधी हा सगळा मुलूख ज्वारी-बाजरीचा आणि मोटेचा. त्या मोटेच्या विहिरी बघा कधी नीट. घडीव दगडाचं बांधकाम, वर थारोळं, बैलांच्या चालण्यानं खोल गेलेली धाव, सौंदर घासून दगडाला पडलेले चर. माणसाच्या आणि जनावराच्या कष्टाचं इतकं सरळ चित्र दुसरीकडं कुठं मिळायचं नाही. आज विहिरीत मोटार बसली, मग बोअर झालं, विहीर आटली, मग ती बुजवली. दगड काढून कंपाउंडला लावला. माळावरच्या जुन्या दगडी ताली लेव्हलिंगमध्ये गेल्या. घराखालची धान्याची पेवं पाया खोदताना निघतात आणि मुरूम टाकून बंद होतात. देवळं बांधताना चुना मळायची दगडी घाणी असायची, गोल चर आणि मोठं चाक. ते चाक आता कुठल्या तरी हॉटेलच्या दारात रंग देऊन उभं असतं, बाजूला प्लास्टिकची बैलगाडी.

शेतीच्या जुन्या खुणा म्हणजे इतिहास नव्हे, असं समजणाऱ्यांसाठी सांगतो. बारामती तालुक्यात सोनगाव आहे, कऱ्हा आणि नीरेच्या संगमाजवळ. सोनेश्वराच्या दर्शनाला आपण जातो ना, तेच. १९६५ मध्ये डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तीन हजार वर्षांपूर्वीची. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला तर त्या काळातला पाण्याचा पाट आणि बांध सापडला. म्हणजे पाटपाणी या भागाला इंग्रजानं शिकवलं असं जे आपण ठोकून देतो, ते खरं नाही. आपल्या जिल्ह्यातला शेतकरी लोखंड हातात यायच्या आधीपासून पाणी वळवतोय. सोनगावच्या किती पोरांना हे शाळेत सांगितलं जातं? गावात एक फलक तरी?

मागं नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचा विषय निघाला तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले. पाझर बंद झाला तर विहिरी मरतील, असं साधं आणि बरोबर गणित त्यांनी मांडलं. जुन्या बांधकामाचा आणि आजच्या पोटाचा संबंध आपल्या शेतकऱ्याला कळतो. कळत नाही असं म्हणणारे खोटं बोलतात.

आता थोडं आपल्या स्वतःच्या घरातलं. सरकारला शिव्या देणं सोपं आहे, पण लोणी भापकरला जाऊन या. मल्लिकार्जुनाचं मंदिर, पुष्करणी, यज्ञवराहाची मूर्ती, वीरगळ. एका गावात एवढं वैभव. असं गाव दुसऱ्या राज्यात असतं तर तिथं रोज बस गेली असती. आपल्या बारामतीच्या किती जणांनी ते बघितलंय? अष्टविनायकाला मोरगावला जातो, पण तिथून लोणीला वळत नाही.

आणि जिथं वळतो तिथं जीर्णोद्धार करतो. या शब्दाची मला आता भीती वाटायला लागलीय. वर्गणी जमते, कार्यक्रम ठरतो, आणि आठशे वर्षांच्या काळ्या दगडाला ऑइलपेंट मारला जातो. गुलाबी, आकाशी, सोनेरी. रंगानं दगडाचे रोम बंद होतात, आतली ओल बाहेर पडत नाही, मग पापुद्रे सुटतात आणि नक्षी त्याच्यासोबत गळते. गाभाऱ्याला टाइल्स, सभामंडपाला ग्रॅनाइट, चुन्याच्या सांध्यात सिमेंट. दारातला वीरगळ ‘मध्ये येतो’ म्हणून काढून मागं उकिरड्याकडं टेकवून ठेवतात. भक्तीबद्दल मला काही बोलायचं नाही. वर्गणी देणाऱ्याचा भाव खराच असतो. पण त्या पैशात अर्धा दिवस एखादा जाणकार बोलावता येतो, हे कमिटीच्या डोक्यात येत नाही, कारण रंगाऱ्याचा नंबर मोबाईलमध्ये असतो आणि जाणकाराचा नसतो.

वीरगळ म्हणजे काय ते तरी सांगू. खालच्या चौकटीत मारामारी, बऱ्याच ठिकाणी गाईंचा कळप. गावाची गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना हा माणूस पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, माथ्यावर सूर्य आणि चंद्र. सूर्य-चंद्र आहेत तोवर याचं नाव राहो. त्याच्या शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. बहुतेक दगडांवर नाव नाही. राजा नाही, सरदार नाही, गावातलाच कुणीतरी. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे, तिच्यासाठी निदान मागणी होते, बातम्या होतात, कारण नाव मोठं आहे. आणि झालीच पाहिजे, तिथं वर्षानुवर्षं सरकारी कचेरी चालली हे आपलं भूषण नव्हे. पण गुरं राखताना मेलेल्या या बिनानावाच्या माणसासाठी कोण मोर्चा काढणार? त्याची ना जात सांगता येते, ना मतदारसंघ. त्याच्या दगडावर आपण कपडे धुतो, गटारीवर आडवा टाकून त्याच्यावरून मोटारसायकल नेतो.

कायदे आहेत का? आहेत की. केंद्राचा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. आणि १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत गाडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. पण स्मारकांचे कायदे घोषित स्मारकाला कामाला येतात. राज्यात केंद्राची स्मारकं तीनशेच्या आत, राज्याची चारशेच्या आत, आणि गावं चाळीस हजारांच्या वर. बाकीचं सगळं रामभरोसे. आणि घोषित झालं म्हणजे सुटलो असंही नाही. २०१३ मध्ये कॅगनं अहवाल दिला की केंद्रानं संरक्षित केलेली ९२ स्मारकं जागेवर सापडतच नाहीत. संरक्षित होती, तरी गायब. मग आपल्या पाराशेजारचा दगड कोण शोधणार?

‘लोकांना टँकरनं पाणी मिळत नाही आणि तुम्हाला दगडाचं पडलंय.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची चीड येत नाही. टँकरच्या बातम्या मीच देतो. नोंदवहीला पाणी लागत नाही. एक वही, एक मोबाईल, शाळेतली चार पोरं आणि दोन रविवार, एवढ्यात एका गावाची नोंद होते. हा खर्च ग्रामपंचायतीच्या चहाच्या बिलात बसेल. तरी होत नाही, कारण त्यातून कुणाला टेंडर मिळत नाही. सुशोभीकरण म्हटलं की कोटींचा आराखडा येतो, पेव्हर ब्लॉक येतात, स्वागत कमान येते. नोंद म्हटलं की कुणाला रस नाही. पालखी मार्गाचं रुंदीकरण आपल्या दोन्ही तालुक्यांतून गेलं. झाडं मोजली, घरं मोजली, विहिरींचा मोबदला ठरला. रस्त्यात आलेली जुनी दगडी कामं कुठल्या रकान्यात लिहिली, हे मी माहिती अधिकारात विचारणार आहे. तुम्हीही विचारा, दोन अर्ज गेले तर निदान फाइल हलते.

तर काम असं आहे. १ मेला ग्रामसभा असते. त्या वेळी पाणी तळाला असतं, ऊन असतं, सगळं उघडं असतं. उजनीकाठच्या गावांनी आणि कऱ्हा-नीरेकाठच्याही गावांनी या ग्रामसभेत एक ठराव घ्यावा. मसुदा खाली देतोय, गावाचं नाव घाला आणि वापरा:

‘गावच्या हद्दीतील व बुडीत क्षेत्रातील जुनी मंदिरे, वीरगळ, सतीशिळा, शिलालेख, बारवा, मोटेच्या विहिरी, दगडी बंधारे, ताली, घाट व पेवे यांची गट नंबर, माप व फोटोसह नोंदवही ग्रामपंचायतीने तयार करावी. नोंद झालेल्या ठिकाणी गाळ, माती वा मुरूम काढणे, लेव्हलिंग, रंगकाम वा जीर्णोद्धार करण्यापूर्वी ग्रामसभेची व पुरातत्त्व विभागाची परवानगी घ्यावी. ठरावाच्या प्रती तहसीलदार, सहायक संचालक पुरातत्त्व पुणे विभाग आणि उजनी धरण व्यवस्थापन, भीमानगर यांना पाठवाव्यात.’

दोन सूचना. मूर्ती सुटी असेल, लहान असेल, तर तिचा नेमका ठिकाणा फेसबुकवर टाकू नका. मूर्तिचोर आपल्यापेक्षा जास्त बारकाईनं वाचतात. वहीत लिहा, तिथंच राहू द्या. आणि वीरगळावरची अक्षरं दिसावीत म्हणून खडू, तेल, पीठ काही चोळू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा फोटो काढा, अक्षर आपोआप उठून दिसतं.

ज्या गावात ठराव होईल त्यांनी प्रतीचा फोटो मला इनबॉक्सला पाठवा, गावाच्या नावानिशी इथं यादी लावतो. जिथं ग्रामसेवक ‘असा विषय घेता येत नाही’ म्हणेल, त्या गावाचीही यादी लावतो.